अत्यल्प वायूंचा हरितगृह परिणाम मोजतात कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: हे आकडे खरोखर मोजलेले आहेत की नुसते संगणकातून काढलेले? दोन्ही प्रकारचे आकडे यात आहेत. कुठला टप्पा मोजलेला आणि कुठला गणिताचा, हे मात्र दर वेळी स्पष्ट सांगता येतं आणि सांगायलाच हवं. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे अपवाद आणि गुंते येतात. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. हरितगृह परिणाम मोजायचा म्हणजे काय मोजायचं? तापमान?

मोजायचा असतो ऊर्जेचा प्रवाह. तापमान हा त्याचा पुढचा परिणाम. पृथ्वी सूर्याकडून सरासरी दर चौरस मीटरमागे सुमारे २४० वॅट ऊर्जा शोषून घेते. हवामान स्थिर असेल तर तेवढीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशात परत जाते. जमीन आणि समुद्र मिळून वर जी ऊर्जा सोडतात, ती मात्र जवळजवळ ४०० वॅट असते. या दोहोंमधली सुमारे १६० वॅटची तफावत वातावरणामुळे पडते. हाच आजचा एकूण हरितगृह परिणाम.

तापमानाच्या भाषेत सांगायचं तर २४० वॅट बाहेर टाकायला उणे १८ अंश सेल्सिअस तापमान पुरेसं असतं. प्रत्यक्षात पृष्ठभागाचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. एखाद्या वायूचा वाटा विचारला की या १६० वॅटमध्ये तो किती भर घालतो किंवा घालेल, असा प्रश्न असतो.

२. ज्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के आहे त्या वायूने काय फरक पडणार?

टक्केवारीमुळे फसगत होते, कारण टक्केवारी ज्यांच्याशी तुलना करते त्या वायूंचा या कामात जवळजवळ भागच नसतो (प्रश्न ३). किरणाच्या वाटेत शोषणारे रेणू किती आहेत, एवढंच महत्त्वाचं. वातावरणातली सगळी हवा समुद्रसपाटीच्या दाबाला आणली तर तिचा थर सुमारे ८ किलोमीटर जाड होईल. त्यातला फक्त कार्बन डायऑक्साइड वेगळा काढला तर साडेतीन मीटरच्या आत-बाहेरचा थर मिळतो. मिथेनचा थर दीड सेंटीमीटर, आणि सीएफसी-१२ (क्लोरोफ्लुरोकार्बन गटातला) या पूर्वी शीतकरणात वापरल्या जाणाऱ्या वायूचा जेमतेम ४ मायक्रॉन.

साडेतीन मीटर शुद्ध कार्बन डायऑक्साइडमधून १५ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण सरळ पार होऊच शकत नाही. ओझोनचा थर याच हिशेबाने फक्त ३ मिलिमीटर भरतो, आणि तरीही सूर्याच्या घातक अतिनील किरणांचा मोठा भाग तो अडवतो.

३. मग नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णता का अडवत नाहीत?

अवरक्त किरण शोषायचा तर रेणू थरथरताना त्याच्यातल्या विद्युतभाराची वाटणी बदलावी लागते. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंत दोन सारखेच अणू असतात, त्यामुळे ते कसेही ताणले तरी दोन्ही टोकं समान राहतात. आर्गॉन तर एकेकटा अणू आहे. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेतला सममित रेणू असला तरी तो वाकतो, आणि वाकला की सममिती मोडते. ते वाकणं १५ मायक्रॉनच्या किरणांशी जुळतं. पृथ्वीचं उत्सर्जन नेमकं त्याच भागात जोरकस असतं, म्हणून हा वायू इतका प्रभावी ठरतो.

४. हे सगळ्यात आधी कुणी मोजलं?

वातावरण उष्णता धरून ठेवतं, ही कल्पना फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ मध्ये मांडली. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते असं दाखवलं. तिच्या मांडणीत सूर्यप्रकाश आणि अवरक्त उष्णता वेगळी करता येत नव्हती, पण हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल हा निष्कर्ष तिने स्पष्ट लिहून ठेवला. तिचं नाव दीडशे वर्षं विस्मरणात गेलं होतं, म्हणून ते इथे आवर्जून घेतलं आहे.

खरं मापन जॉन टिंडलचं. १८५९ पासून त्याने पितळी नळीच्या दोन्ही टोकांना सैंधवाच्या चकत्या बसवल्या, कारण काच अवरक्त किरण अडवते आणि मीठ ते जाऊ देतं. एका टोकाला उष्णतेचा स्रोत, दुसऱ्या टोकाला उष्णतेपासून वीज तयार करणारी तापविद्युत पट्टी आणि संवेदनशील गॅल्व्हानोमीटर. नळीत नायट्रोजन भरला तर सुई हलत नव्हती. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड भरला की हलत होती. १८९६ मध्ये आऱ्हेनियसने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंश वाढेल असं हाताने गणित करून काढलं. आजच्या अंदाजांपेक्षा तो आकडा मोठा आहे, पण दिशा बरोबर होती.

५. हवेतलं प्रमाण इतकं अचूक मोजतात तरी कसं?

कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे किती, असं सांगतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडसाठी अब्जात किती म्हणजे पीपीबी, आणि सीएफसींसाठी लाख कोटीत किती म्हणजे पीपीटी. ‘कोरडी हवा’ या अटीला फार महत्त्व आहे. दमट हवेत वाफेचे रेणू बाकीच्यांना जागेवरून हटवतात, त्यामुळे तोच वायू कमी भासतो. म्हणून नमुना आधी सुकवतात किंवा वाफ मोजून दुरुस्ती करतात.

उपकरणं तीन प्रकारची. पहिलं जुनं आणि भरवशाचं: अवरक्त दिव्याचा प्रकाश नमुन्यातून सोडायचा आणि किती शोषला गेला ते पाहायचं. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये याच पद्धतीने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मापन सुरू केलं. दुसरं हल्लीचं: दोन-तीन अतिशय परावर्तक आरशांच्या पोकळीत लेझर सोडतात आणि तो विझायला किती मायक्रोसेकंद लागतात ते मोजतात. एवढ्याशा पोकळीत प्रकाश इतक्या वेळा परावर्तित होतो की त्याचा प्रवास काही किलोमीटरचा होतो, त्यामुळे विरळ वायूसुद्धा पकडता येतो. तिसरं म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. त्याला जेम्स लव्हलॉकने १९५० च्या दशकात बनवलेला इलेक्ट्रॉन टिपणारा शोधक जोडला की सीएफसी आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखे वायू लाख कोटीत काही रेणू इतक्या पातळीवर दिसतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लव्हलॉकने तो जहाजावर नेला आणि अटलांटिकवर सगळीकडे सीएफसी सापडलं. तोवर ते हवेत साचत असल्याची जगाला कल्पना नव्हती.

माझ्या मते या सगळ्याचा खरा कणा उपकरण हा नसून प्रमाण-टाक्या हा आहे. प्रत्येक केंद्र आपलं उपकरण दिवसातून अनेकदा ज्ञात प्रमाणाच्या हवेवर तपासतं. त्या टाक्या वरच्या दर्जाच्या टाक्यांशी, आणि त्या शेवटी एका मध्यवर्ती प्रयोगशाळेतल्या मूळ संचाशी जुळवलेल्या असतात. जागतिक हवामान संघटनेने उत्तर गोलार्धातल्या केंद्रांसाठी ०.१ पीपीएमची मर्यादा ठरवली आहे: दोन केंद्रांची मापनं यापेक्षा जास्त वेगळी येऊ नयेत. वर्षाकाठी वाढच दोन-तीन पीपीएम असताना एवढी शिस्त पाळावीच लागते.

६. मौना लोआ हा तर ज्वालामुखी आहे. तिथलं मापन कसं मानायचं?

रास्त शंका आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून ध्यानात घेतली गेली होती. केंद्र सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. ज्वालामुखीचा वायू प्रामुख्याने रात्री उतारावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर येतो आणि आकडे अचानक वर-खाली होतात. महासागरावरून येणारी मिसळलेली हवा मात्र तासन्‌तास स्थिर आकडा देते. त्यामुळे अस्थिर तास बाजूला काढता येतात. शिवाय दक्षिण ध्रुवावर जवळपास तितकीच जुनी नोंद आहे, आणि तिथे ज्वालामुखी नाही. दोन्ही आलेखांची चढण एकच आहे. १९५८ मध्ये मौना लोआचा आकडा ३१३ च्या आसपास होता, २०२४ मध्ये वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. नोव्हेंबर २०२२ मधल्या उद्रेकात रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा शेजारच्या मौना केआ शिखरावर तात्पुरतं मापन सुरू करावं लागलं होतं.

७. उपकरणं नव्हती त्या काळातलं प्रमाण कसं कळतं?

ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथे खोदून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यातून ८ लाख वर्षांची नोंद मिळाली आहे. औद्योगिक काळापूर्वी कार्बन डायऑक्साइड सुमारे २७८ पीपीएम, मिथेन सुमारे ७२० ते ७३० पीपीबी आणि नायट्रस ऑक्साइड २७० पीपीबी होता. बर्फ बंद व्हायला वेळ लागतो म्हणून फार जुन्या नमुन्यांत वर्षावर्षाचा तपशील पुसट होतो. लॉ डोमसारख्या भरपूर हिमवृष्टीच्या जागी तो बराच टिकतो आणि थेट मापनांच्या काळाशी जोडून घेता येतो.

८. प्रमाण कळलं. त्यावरून वॅट कसे काढतात?

इथे मापन आणि गणित यांची सांधेजोड होते, म्हणून थोडं सविस्तर.

प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबींवर, हजारो बारीक रेषांमध्ये किरण शोषतो. प्रत्येक रेषेची जागा, ताकद, दाब आणि तापमानानुसार तिचं रुंदावणं हे सगळं प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. हायट्रॅन नावाचा संग्रह १९७० च्या दशकापासून या रेषा एकत्र ठेवतो आणि नवी मापनं आली की सुधारला जातो. मग वातावरणाचे अनेक थर कल्पून प्रत्येक थरातलं तापमान, दाब, वाफ आणि वायूंचं प्रमाण घालतात, आणि प्रत्येक रेषेसाठी किती शोषण, किती उत्सर्जन हे खालून वर मोजत जातात. यात हवामानाचं भाकीत नसतं. शोषणाचे नियम आणि मोजलेल्या रेषा असतात.

आता वायूचं प्रमाण बदलून तेच गणित पुन्हा करायचं. तपांबराच्या (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या) माथ्यावरच्या निव्वळ प्रवाहात जो फरक पडतो त्याला रेडिएटिव्ह फोर्सिंग म्हणतात. त्यावरच्या थराचं, म्हणजे स्थितांबराचं तापमान जुळू दिलं की ‘समायोजित’ फोर्सिंग मिळतं. ढग आणि वाफेचे झटपट बदलही धरले की ‘परिणामी’ फोर्सिंग मिळतं. बातम्यांमध्ये हे तिन्ही आकडे एकत्र मिसळलेले दिसतात आणि वाचक गोंधळतात. कार्बन डायऑक्साइड दुप्पट होण्याचा आकडा कुठे ३.७ वॅट, तर कुठे ३.९ दिसतो, त्याचं मुख्य कारण हेच.

९. हातानं हिशेब करता येईल असं काही सूत्र आहे का?

आहे. १९९८ पासून प्रचारात असलेलं सोपं सूत्र असं: आजचं प्रमाण भागिले जुनं प्रमाण, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम, गुणिले ५.३५. कार्बन डायऑक्साइडसाठी ४२० भागिले २७८ घेतलं तर लॉगरिथम ०.४१ येतो आणि उत्तर सुमारे २.२ वॅट प्रति चौरस मीटर.

वायूगणिक सूत्राचा आकार बदलतो, आणि मला यातलं हेच सगळ्यात उद्‌बोधक वाटतं. कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा (तो ज्या तरंगलांबींवर शोषतो तो भाग) दाट भरलेला आहे, म्हणून परिणाम लॉगरिथमने वाढतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचे पट्टे अर्धवट भरलेले, म्हणून तिथे वर्गमूळ येतं. सीएफसी ८ ते १२ मायक्रॉनच्या, जवळजवळ मोकळ्या खिडकीत शोषतात आणि अगदी विरळ असतात, त्यामुळे रेणू दुप्पट तर परिणाम दुप्पट. सीएफसी-१२ साठी दर पीपीबीला सुमारे ०.३६ वॅट धरतात. प्रमाण अर्धा पीपीबी आहे, म्हणजे ०.१८ वॅट. मिथेनसाठी दोन्ही प्रमाणांच्या वर्गमुळांतला फरक गुणिले ०.०३६ केलं की ०.६ वॅट येतो, पण नायट्रस ऑक्साइडशी होणाऱ्या आच्छादनाची (पट्टे एकमेकांवर येण्याची) वजावट करावी लागते. २०१६ मध्ये मिथेनचं सूर्यप्रकाशातलं शोषणही हिशेबात घेतलं गेलं, तेव्हा त्याचं फोर्सिंग सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. जुन्या पुस्तकांतले आकडे वापरताना हे लक्षात असू द्यावं.

१०. कार्बन डायऑक्साइडचा पट्टा आधीच भरलेला आहे. आणखी वायू घातला तर काय होणार?

१९०० मध्ये आँगस्ट्रमने आखूड नळीतल्या प्रयोगावरून हाच आक्षेप घेतला आणि पुढे अनेक दशकं तो गंभीरपणे घेतला गेला. त्याने जमिनीजवळच्या हवेसारखा दाब घेतला होता. उंचावर दाब कमी, रेषा अरुंद आणि मध्ये फटी. निर्णायक मुद्दा असा की अवकाशात जाणारी ऊर्जा जमिनीवरून थेट निघत नाही. ती त्या उंचीवरून निघते जिथे वरची हवा पुरेशी विरळ होते. वायू वाढला की ती उंची वर सरकते. वर हवा थंड असते (तपांबरात दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश), थंड हवा कमी ऊर्जा सोडते, त्यामुळे पृथ्वीला तोल साधायला आणखी तापावं लागतं. शिवाय पट्ट्याच्या कडा भरलेल्या नाहीत. प्रमाण वाढलं की त्या रुंदावतात. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लासने संगणकावर हे गणित केलं आणि १९६७ मध्ये मानाबे आणि वेदरल्ड यांनी संवहनासह (हवेच्या वर-खाली होणाऱ्या हालचालीसह) पूर्ण केलं. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

११. हे सगळं गणितच झालं. वाढलेला परिणाम थेट कुणी पाहिला आहे का?

हो, वरूनही आणि खालूनही.

वरून: १९७० मध्ये निंबस-४ उपग्रहावरच्या उपकरणाने पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांचा वर्णपट नोंदवला. १९९६-९७ मध्ये एका जपानी उपग्रहाने तसाच वर्णपट घेतला. दोन्हींची वजाबाकी करून २००१ मध्ये एका ब्रिटिश गटाने दाखवलं की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सीएफसींच्या नेमक्या तरंगलांबींवर बाहेर जाणारी ऊर्जा घटली होती. कुठला वायू कुठे शोषतो हे ठाऊक असल्याने दोष सूर्यावर किंवा ढगांवर ढकलता येत नाही.

खालून: ओक्लाहोमा आणि उत्तर अलास्का इथल्या केंद्रांवर २००० ते २०१० या काळात आकाशातून खाली येणाऱ्या अवरक्त वर्णपटाची सलग नोंद झाली. त्या दशकात कार्बन डायऑक्साइड २२ पीपीएमने वाढला. त्याच्यामुळे खाली येणारी ऊर्जा दशकाला ०.२ वॅट प्रति चौरस मीटरने वाढली, आणि वसंतात वनस्पती वायू शोषत तेव्हा ती किंचित कमी झालेलीही दिसली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मोजलेला आणि गणिताने अपेक्षित आकडा जुळले. ही नोंद निरभ्र आकाशाची आणि जमिनीच्या पातळीची आहे, तपांबराच्या माथ्यावरच्या आकड्याशी तिची थेट तुलना करू नये.

१२. कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपग्रह हेच दाखवतात ना?

नाही. २००९ चा जपानचा गोसॅट आणि २०१४ चा अमेरिकेचा ओसीओ-२ हे उपग्रह पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश पाहून हवेच्या उभ्या स्तंभातलं प्रमाण मोजतात. ते किती वायू आहे ते सांगतात. उष्णता किती अडली ते नाही. अडलेली उष्णता उत्सर्जित अवरक्त किरण पाहणारे एअर्स आणि इयासीसारखे वर्णपटमापक दाखवतात.

यात एक मोठी फट होती. १५ मायक्रॉनपलीकडच्या दूरच्या अवरक्त भागातून पृथ्वी बरीच उष्णता बाहेर टाकते, विशेषतः ध्रुवांकडून, पण तो भाग उपग्रहांनी वर्णपटासह फारसा पाहिला नव्हता. २०२४ मध्ये प्रीफायर या मोहिमेचे दोन छोटे उपग्रह खास त्यासाठी सोडले गेले.

१३. सगळ्यात मोठा हरितगृह वायू तर पाण्याची वाफ आहे. मग चर्चा बाकीच्यांचीच का?

वाफेचा वाटा खरोखर सर्वांत मोठा आहे (आकडे प्रश्न १४ मध्ये). पण वाफ किती राहणार हे हवेचं तापमान ठरवतं. हवेत जास्तीची वाफ सोडली तर ती साधारण नऊ दिवसांत पाऊस होऊन पडते. हवा एक अंशाने तापली तर ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणजे वाफ इतरांनी सुरू केलेली तापमानवाढ वाढवते. सुरुवात करण्यासाठी न गोठणारा, न पडणारा वायू लागतो. म्हणून फोर्सिंगच्या तक्त्यात वाफ वेगळी दिसत नाही. अपवाद एक: मिथेन स्थितांबरात विघटित होऊन जी वाफ बनते, ती मिथेनच्या खात्यात टाकतात.

१४. एकूण परिणामात कार्बन डायऑक्साइडचा वाटा कुठे १४ टक्के, कुठे २५ टक्के दिसतो. खरं काय?

दोन्ही खरे, प्रश्न वेगळे. वायू एकमेकांच्या पट्ट्यांवर पसरलेले असतात. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त कार्बन डायऑक्साइड काढला तर परिणाम १४ टक्क्यांनी घटतो, कारण रिकामी झालेली जागा वाफ आणि ढग थोडी भरून काढतात. उलट बाकी सगळं काढून फक्त तोच ठेवला तर आजच्या परिणामाचा सुमारे २५ टक्के तो एकटा देतो. २०१० च्या एका अभ्यासाने आच्छादन वाटून दिलं तेव्हा वाफेला जवळजवळ ५०, ढगांना २५, कार्बन डायऑक्साइडला २० आणि उरलेल्यांना सुमारे ५ टक्के आले. ही टक्केवारी आजच्या एकूण परिणामाची आहे. १७५० नंतर माणसाने केलेल्या वाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा याहून कितीतरी मोठा आहे (प्रश्न १८).

१५. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, ८० पट की १२० पट?

किती काळाचा आणि कशाच्या मोजमापाने, हे आधी ठरवायचं. आत्ता, या क्षणी, किलोला किलो तोलला तर मिथेन थेट सुमारे ८० पट. त्याच्यामुळे बनणारा ओझोन आणि वाफ धरली तर जवळपास १२० पट. पण मिथेन काही वर्षांतच नाहीसा होतो (जादा मिथेनचं सरासरी आयुष्य सुमारे १२ वर्षं), तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं राहतो. म्हणून एक किलो वायूने पुढच्या अमुक वर्षांत एकूण किती ऊर्जा अडवली, याची बेरीज करून तुलना करतात. २० वर्षांवर ती सुमारे ८०, १०० वर्षांवर सुमारे २८ येते. खनिज इंधनातल्या मिथेनला १०० वर्षांवर २९.८ देतात, कारण त्याचा शेवटी नवा कार्बन डायऑक्साइड बनतो. जैविक स्रोतांसाठी २७.०.

एक योगायोग बराच गोंधळ घालतो: प्रति रेणू थेट तुलनेतही मिथेन सुमारे २९ पट ठरतो. आकडा जवळपास तोच, अर्थ पूर्ण वेगळा. आकड्यापुढे काळ आणि वजन की रेणू, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

१६. सल्फर हेक्झाफ्लोराइड २४-२५ हजार पट घातक म्हणतात. मग त्याच्यावरच लक्ष का नको?

पट आणि परिणाम वेगळे. हा वायू दर पीपीबीला ०.५७ वॅट देतो, पण हवेत तो जेमतेम ११ पीपीटी आहे, म्हणजे आजचं फोर्सिंग सुमारे ०.००६ वॅट. दुर्लक्ष मात्र करू नये. तो विजेच्या उच्चदाबाच्या उपकरणांत वापरला जातो, गळतो आणि फार दीर्घकाळ टिकतो. कार्बन टेट्राफ्लोराइडचं आयुष्य तर सुमारे ५०,००० वर्षं मानतात. असे वायू आज किती आहेत यापेक्षा दर वर्षी किती भर पडते तेच बघावं.

१७. सीएफसी ओझोन नष्ट करतात, आणि ओझोनही हरितगृह वायू आहे. मग हिशेब शून्य होत नाही का?

काही अंशी वजावट होते, पण शून्य होत नाही. सीएफसींमुळे पृथ्वी तापते हे व्ही. रामनाथन यांनी १९७५ मध्ये दाखवलं, ओझोनच्या प्रश्नापासून वेगळं ठेवून. स्थितांबरातला ओझोन घटला की थोडा थंडावा येतो, पण सीएफसींचा स्वतःचा परिणाम त्यापेक्षा मोठा आहे. दुसरीकडे प्रदूषणातून जमिनीजवळ तयार होणारा ओझोन वाढला, तो उष्णता वाढवतो. ओझोन वेगाने तयार होतो आणि नष्टही होतो, जागोजागी प्रमाण वेगळं, म्हणून त्याचा आकडा काढणं इतरांपेक्षा कठीण.

या वायूंचं सततचं मापन किती कामाचं आहे ते २०१८ मध्ये दिसलं. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर बंदी असलेल्या सीएफसी-११ ची घट अपेक्षेपेक्षा मंद झाल्याचं केंद्रांच्या नोंदीत उघड झालं, म्हणजे कुठेतरी नव्याने उत्पादन चालू होतं. पुढे मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचं मापनांवरून दाखवलं गेलं आणि उत्सर्जन नंतर खाली आलं.

१८. या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

वायूगणिक वेगळा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळातलं परिणामी फोर्सिंग असं: कार्बन डायऑक्साइड २.१६ वॅट (१.९० ते २.४१), मिथेन ०.५४ (०.४३ ते ०.६५), नायट्रस ऑक्साइड ०.२१, सीएफसी आणि तत्सम हॅलोजनयुक्त वायू मिळून ०.४१, ओझोन ०.४७. प्रमाणाचं मापन जवळजवळ निर्दोष, शोषणाच्या रेषा फार चांगल्या. शंकेचा मोठा भाग ढगांच्या झटपट बदलांतून येतो. खरी अडचण सूक्ष्म कणांची आहे. ते सूर्यप्रकाश परतवून थंडावा आणतात, सुमारे उणे १.१ वॅट, आणि त्यांची अनिश्चितता सगळ्या वायूंच्या मिळून अनिश्चिततेपेक्षा मोठी आहे.

१९. जिथे वायू वाढल्यावर उलट जास्त उष्णता बाहेर जाते अशी जागा आहे का?

आहे, आणि ती दिसते म्हणूनच सिद्धांतावरचा विश्वास वाढतो. अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर पृष्ठभाग इतका थंड असतो की वरची स्थितांबरातली हवा त्यापेक्षा उबदार असते. तिथे उंचावरून निघणारी ऊर्जा पृष्ठभागाच्या उत्सर्जनापेक्षा जास्त भरते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा हरितगृह परिणाम काही महिने उणे होतो. निंबस-४ च्या वर्णपटात याची खूण १९७० मध्येच दिसली होती. म्हणून पठार तापणार नाही असं मात्र नाही, कारण बाहेरून येणारी उष्णताही तिथे पोचते.

याच तर्काने स्थितांबर थंड होतं. तिथे कार्बन डायऑक्साइड मुख्यतः उष्णता बाहेर टाकतो. सूर्य जास्त तापला असता तर तेही तापलं असतं. मापनांत ते थंड होताना दिसतं.

२०. घरातल्या कार्बन डायऑक्साइड मीटरने मला हे मोजता येईल का?

नाही. त्याची अचूकता साधारण ५० पीपीएमच्या आसपास असते आणि बंद खोलीत श्वासामुळे आकडा सहज हजारावर जातो. खोलीतली हवा खेळती आहे का, हे कळायला तो चांगला. जागतिक वाढ टिपायला प्रश्न ५ मधली शिस्त लागते.

२१. फोर्सिंग २.७ वॅट असेल तर पृथ्वी दर क्षणी तेवढी ऊर्जा साठवत असेल?

नाही, हा गैरसमज जाणकारांतही दिसतो. मानवनिर्मित सगळ्या घटकांची बेरीज २.७२ वॅट आहे, पण पृथ्वी आधीच तापली असल्याने जास्त ऊर्जा बाहेर टाकू लागली आहे. उरतो तो असमतोल. उपग्रहांचे सर्स नावाचे मापक त्यातले बदल फार बारकाईने टिपतात, पण त्यांना स्वतःचा मूळ आकडा इतका अचूक ठरवता येत नाही. तो समुद्रातल्या सुमारे ४,००० आर्गो तरंगकांकडून मिळतो, कारण साठणाऱ्या उष्णतेचा नव्वद टक्के भाग समुद्रात जातो. दोन्ही पद्धती स्वतंत्र आहेत आणि कल एकच दाखवतात: २००५ ते २०१९ या काळात असमतोल सुमारे अर्ध्या वॅटवरून एक वॅटच्या वर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त.